कोपरानं पाहिलेलं पाणी

चर्चच्या पाळकांचा फोन आला तेव्हा मी मळ्यातल्या हौदात मेथीच्या जुड्या धूत होते. "सुहासिनी सिस्टर गेल्या. पहाटे, झोपेतच," ते म्हणाले. ओल्या हातांनी मी तशीच हौदाच्या काठावर बसले. रडू आलं, खूप आलं. पण मधूनच थोडं हसूही आलं, कारण बाराच दिवसांपूर्वी याच हौदात सिस्टरांनी... पण ते पुढे सांगते.

सिस्टर अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स होत्या, बाळंतपणं करायच्या. माझं माहेर तिथलंच, म्हणून माझी दोन्ही पोरं त्यांच्याच हातची. निवृत्त झाल्यावर त्या अमरावतीला, आमच्या मळ्यापासून हाकेच्या अंतरावर राहायला आल्या आणि चहाला, पालकाला, भांडायला रोज येऊ लागल्या. आम्ही माळी, फुलं-भाजी पिकवणारे. त्यांच्या चर्चला रविवारची फुलं आमचीच जायची, फक्त ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस नाही. त्या उपवासकाळात तिथे फुलं ठेवत नाहीत. ऐन बहरात हक्काचं गिऱ्हाईक बंद म्हणून मी दरवर्षी कुरकुर करायची आणि त्या दरवर्षी म्हणायच्या, "थांब ना वं जराशीक. ईस्टरले दोन टोपले नेतो."

त्यांच्याकडे बाप्तिस्मा म्हणजे माणसाला पूर्ण पाण्यात बुडवून वर काढणं. चर्चमध्ये त्यासाठी टाकी आहे. ती भरायचं काम सिस्टरांचं. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी पाहावं तसं त्या कोपर बुडवून पाहायच्या. हाताला सवय झालेली असते, तो खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. आणि इतक्या जणांचं पाणी पाहिलेल्या या बाईचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता! मूर्तिजापूरकडच्या गावी लहानपणी त्या विहिरीत पडल्या होत्या. तेव्हापासून डोक्यावरून पाणी म्हटलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. "औंदा नाही, पुढच्या वर्सी" असं करत चाळीसेक वर्षं गेली. बाप्तिस्मा नाही म्हणून प्रभुभोजनही नाही. भाकर आणि द्राक्षरस द्यायची वेळ झाली की त्या कुणाचं तरी तान्हं पोर घेऊन अंगणात जायच्या. लोकांना वाटे, किती मायाळू बाई!

यंदा उपवासकाळ लागला आणि डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, फार दिवस धरू नका. त्याच संध्याकाळी त्या मळ्यात आल्या. "मंदा, मले बाप्तिस्मा घ्याचा हाय. लय झालं भेव." चर्चची टाकी नेमकी तडकलेली, दुरुस्ती ईस्टरनंतर. "मग तवाच घ्या ना, सिस्टर," मी म्हणून गेले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच जीभ चावावीशी वाटली. मग त्यांची नजर हौदावर गेली. "हा कितीक खोल हाय?"

"देवाले सगळं मालूम हाय, मंग या वयात भिजाचं काहून?" मी विचारलं. त्यांनी उन्हानं मान टाकलेली एक जुडी उचलली. "हे पान्यात बुडवली का घडीभरात उभी होते ना? मले तसं उभं व्हाचं हाय." धर्माच्या मोठ्या गोष्टी मला कळत नाहीत, मेथी कळते. मी हो म्हटलं.

आमच्या ह्यांनी दोन दिवस हौद घासला. शनिवारी सकाळीच काठोकाठ भरला, म्हणजे दुपारपर्यंत उन्हानं कोमट व्हावा, आणि वर मोठ्या भक्तिभावानं झेंडूची फुलं सोडली. भर उपवासकाळात! मी कपाळावर हात मारला. पाळकही जरा थबकले. "राऊ द्या, पाळकसाहेब," सिस्टर म्हणाल्या, "वावरानं काई उपास नाही धरला." मग हौदापाशी येऊन त्या दचकल्या. "अवं, एवढा कायले भरला? मले बुडवाचं हाय का?" पाळक गंभीरपणे म्हणाले, "हो सिस्टर, बुडवायचंच आहे." सगळे खो खो हसलो, त्याही हसल्या. पण पहिल्या पायरीवर त्यांचं पाऊल अडलं ते अडलंच. माझा हात त्यांनी घट्ट धरलेला. मला वाटलं, आता परत फिरतात... "मंदा, तू पानी पाह्य," त्या हळूच म्हणाल्या. मी कोपर बुडवलं. "कसं हाय?" "बाळाले चालन असं हाय, सिस्टर." त्यांनी माझा हात सोडला आणि त्या पाण्यात उतरल्या.

पाळकांनी त्यांना मागे झुकवलं आणि क्षणभर पाण्यावर नुसता झेंडू राहिला. मग त्या वर आल्या, खोकत, हसत, पांढऱ्या केसांत झेंडूची पाकळी अडकलेली. "अवं माय, एवढंच होतं?" एवढा आनंद मी कुठल्याही चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत मीही चर्चला गेले. प्रभुभोजनाच्या वेळी एका आईनं सवयीनं आपलं बाळ त्यांच्यापुढे धरलं. "आज तुमीच सांभाळा," म्हणत सिस्टर तुरुतुरु पुढे गेल्या.

ईस्टर त्यांनी पाहिला नाही. दोन टोपल्या मात्र गेल्या, एक चर्चला आणि एक त्यांच्या कबरीवर. आता भाजी धुताना आधी माझं कोपर आपोआप पाण्यात जातं. "भाजीले काय थंडी वाजते?" हे चिडवतात. मी मात्र कोपर बुडवून जराशी थांबते, कुणी तरी "कसं हाय?" विचारेल म्हणून... आणि मग मनातल्या मनात सांगते, बाळाले चालन असं हाय, सिस्टर.