झाकण लावलेली डबी

तेलाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिला सगळे तळणताई म्हणत. नऊ वर्षं तिने तिथल्याच कँटीनमध्ये कढई सांभाळली होती. तेल केव्हा थकलं, हे ती नाकानेच ओळखायची. शेवटी मोठ्या साहेबांनी तिला वर आणून उष्णतेच्या यंत्रापुढे बसवलं.

शर्टाच्या बटणाएवढ्या ॲल्युमिनियमच्या डबीत तेलाचा थेंब ठेवायचा, तो तापता ठेवून वरून ऑक्सिजन सोडायचा. तेल बिघडू लागलं की स्वतःच उष्णता सोडतं आणि पडद्यावरची रेघ उसळते. चांगलं तेल चाळीस मिनिटं तरी दम धरतं.

महिनाभर एकही चूक झाली नाही, तर यंत्र तिच्या एकटीच्या हाती द्यायचं ठरलं होतं. आज महिन्याचा शेवटचा दिवस. फाटकाशी विकत घेतलेल्या तेलाचा टँकर उभा होता. पास झाला की तो कारखान्याच्या मोठ्या टाकीत रिकामा व्हायचा.

दोन तास झाले, रेघ हलेना.

"ताई, अमृत आलंय अमृत!" साहेब खूश. "घ्या टँकर आत."

"साहेब, दोन तास? कँटीनमध्ये असलं तेल मी जन्मात पाहिलं नाही."

तिने चिमट्याने डबी बाहेर काढली आणि उजेडात धरली. डबीवर झाकण होतं, घट्ट दाबलेलं. काल दिवसभर तेल कधी गोठतं ते मोजायचं होतं, त्याला झाकण लागतं. आज डबी उघडी हवी होती, पण हाताने कालचंच काम केलं. तेलापर्यंत ऑक्सिजन पोचलाच नव्हता.

"चूक माझी. पुन्हा लावते. टँकर थांबवा."

साहेबांनी आवाज खाली आणला. "अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. आज तारीख काय, आठवतंय ना? तेल चांगलंही असेल."

"मग उघडं ठेवूनही चांगलंच निघेल."

बाहेर टँकरवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. तिने नवी डबी घेतली, थेंब तोलला, यंत्र लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

चौदाव्या मिनिटाला रेघ ताडकन वर गेली.

साहेबांनी फोन उचलला. "टँकर परत पाठवा." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "यंत्राचं पुढच्या महिन्यात बघू."

"बघा."

तिने वहीत दोन्ही निकाल लिहिले, चुकीचा आधी, शेजारी आपलं नाव. मग झाकणांचा डबा उचलून खोलीच्या पार टोकाच्या कपाटात ठेवला. आता झाकण हवं असेल, तर खुर्चीवरून उठावं लागणार होतं.