सगळं दोन दिसायचं, ती एकच दिसली

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता हो. कोणी असलं काही सांगू लागलं की मीच त्याला उठवून लावायची. म्हणून लिहायला हात धजत नव्हता... पण लिहितेच.

आमची चिकूची वाडी डहाणूला, मसोलीच्या पुढे. मला थायरॉइड निघाला. गोळ्यांनी जमेना, म्हणून मुंबईत किरणोत्सारी आयोडीनचं औषध दिलं. थायरॉइड आला आटोक्यात, पण डोळे बिघडले! खोबणीतून बाहेर आल्यासारखे. झोपेतही पापण्या पुऱ्या मिटेनात. सून रश्मी म्हणायची, "आई, मी काय केलं? वटारून काय बघताय?" पुढे एकाचे दोन दिसायला लागले. "एक सून झेपत नाही, त्यात ही दुसरी!" मी म्हणायची. ती हसायची, पण पाठ सोडायची नाही — "डॉक्टरांना परत दाखवू या." मी आपली, "हंगाम संपू दे."

कारण माल निवडायचं काम माझं. चिकू नखानं जरा खरवडायचा. आत हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळसर दिसलं तर तयार. त्या आठवड्यात व्यापारी सारखा कुरकुरत होता, माल कच्चा येतोय म्हणून. मी झाडावरून चिकू उतरवणाऱ्यांना झापत होते.

त्या दुपारी शेडमध्ये मी आणि तलासरीकडची जमनी, दोघीच. जमनी माझ्या पाठीमागे चिकू धूत होती. मी मान वर केली तर टोपलीपलीकडे एक बाई बसलेली. डोक्यावर पदर, अनोळखी. आली असेल कामाला, म्हटलं... आणि मग अंगावर सर्रकन काटा आला. टोपल्या दोन दिसत होत्या, शेडचे खांब दुप्पट दिसत होते. ती मात्र एकच.

तिनं माझ्या तयार ढिगातला चिकू उचलला, खरवडला, माझ्यापुढे धरला.

"बाय, रंग कुठला?"

"पिवळा."

"नीट बघ."

"पिवळाच गं!"

"आजी, कोणाशी बोलतेस?" मागून जमनी.

मी वळले, परत समोर पाहिलं — कोणी नाही. चिकू तेवढा पुढ्यात पडलेला. जमनीनं तो उचलला. "पिवळा? आजी, हिरवागार आहे हा!" तिनं ढीग चाळला. अर्धा कच्चा.

तिच्या हाकेनं रश्मी धावत आली. तिनं ओढणी पुढे केली. "आई, ही कुठल्या रंगाची?"

"राखाडी."

तिचा चेहराच उतरला. ओढणी लाल होती. तिनं तशीच गाडी काढली.

डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागे सूज येऊन नस दाबली गेलीय. आधी रंग जातात, मग नजर. आणखी थांबलो असतो तर आंधळीच झाले असते. सलाइनमधून स्टिरॉइड दिलं. उजवा डोळा सुधारला, डाव्यानं अजून धुरकट दिसतं.

त्या बाईचं मी डॉक्टरांना सांगितलं. "भास झाला असेल, आजी."

"असेल. पण भास तरी दोन दिसायला नकोत का, डॉक्टर?"

ते फाइल मिटत म्हणाले, "पुढच्या महिन्यात तपासायला या."

मी जाते. नजर टिकून आहे. शेडमध्ये बसले की टोपलीपलीकडे मात्र अजून एकदा बघून घेते.