केंद्राची जागा चुकली

ढगांची चित्रं वाचणं हा वहिनीचा उद्योग. मी त्याच कचेरीत वायरलेसवर. उपग्रहाच्या चित्रांवरून ती समुद्रावर जमणारं वादळ ओळखते आणि मी ते बोटींना वाचून दाखवतो. आई म्हणते, "गॅसवरचं दूध उतू गेलेलं हिला दिसत नाही आणि भर समुद्रातलं वादळ बरं दिसतं!" वहिनी हसते. ओटा दादा पुसतो.

कचेरीत मात्र तिचा दरारा आहे. गोल ढग दिसला की नवी मंडळी उड्या मारतात. ही म्हणते, "आधी फिरतोय का ते बघा. नुसती गर्दी म्हणजे वादळ नव्हे." मग चित्रामागून चित्र लावत बसते. तिचं संपेपर्यंत मलाही जेवायला उठता येत नाही, त्यामुळे या चिकाटीचं कौतुक मी पोट भरल्यावरच करतो.

त्या दिवशी पहाटे तीच चुकली. अंधारात उपग्रहाला ढगांचं फक्त तापमान कळतं. उंचावरचे थंडगार ढग पांढरेशुभ्र उठून दिसतात. खालचे ढग जवळजवळ समुद्राइतकेच उबदार, म्हणून दिसतच नाहीत. वादळ आकार घेतंय हे तिनं बरोबर ओळखलं, पण त्याचं केंद्र तिनं त्या पांढऱ्या ढगाखाली, दक्षिणेकडे धरलं. तसं बुलेटिन निघालं. उत्तरेच्या बंदरात आसरा घ्या, असं बोटींना मीच वाचून दाखवलं.

उजाडलं आणि उन्हातलं पहिलं चित्र पडद्यावर आलं. पांढऱ्या ढगापासून बरंच लांब, उत्तरेला, पातळ ढगांचा एक लहानसा भोवरा उघडा पडला होता. वरच्या वाऱ्यानं उंच ढग बाजूला ढकलले होते, केंद्र त्यांच्याखाली नव्हतंच. बोटी सरळ त्याच्याकडेच निघाल्या होत्या.

वहिनीचा चेहरा उतरला. तिनं पुढच्या चित्राची वाट पाहिली, भोवरा फिरतोय याची खात्री केली आणि तडक साहेबांच्या खोलीत गेली. मीही मागोमाग.

आमच्याकडे अशा वेळची एक रीत आहे. कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. केंद्र चुकलं, की पुढच्या बुलेटिनांत ते थोडंथोडं सरकवायचं. वादळच वळलं असं दिसतं आणि कचेरीची अब्रू राहते. साहेबांनी तेच सुचवलं.

"दोन-तीन बुलेटिनांत आणू जागेवर. एकदम उडी मारली तर लोक काय म्हणतील?"

"तोवर बोटी त्याच्या तोंडात जातील, साहेब."

"मग नुसतं 'उत्तरेला सरकलं' म्हणा."

"लांबून येतंय, अजून वेळ आहे, असं वाटेल त्यांना. ते सरकलेलं नाही. मी चुकले. तसंच लिहायचं."

"वरून विचारणा होईल."

"होऊ दे. माझं नाव सांगा."

साहेब वाईट नाहीत, पण निवृत्तीला आलेला माणूस सही करताना दहादा विचार करतो. "बसा," म्हणाले. ती बसली नाही. कागद त्यांच्यासमोर धरून उभीच राहिली. शेवटी त्यांनी सही केली.

मी माईक घेतला. "मघाची जागा चुकीची होती. उत्तरेला जाऊ नका, दक्षिणेच्या बंदराकडे वळा." जीभ अडखळत होती, खोटं कशाला बोलू. एका बोटवाल्यानं मला अशा काही शिव्या घातल्या की माझे कान तापले. "पहाटे एक, आता एक! आम्ही काय खेळणी आहोत का रे?"

वहिनीनं माझ्या हातातून माईक ओढून घेतला. "चूक माझी आहे, दादा. शिव्या बंदरात पोचल्यावर द्या. आधी बोट वळवा."

मग एकेक बोट वळल्याचं सांगू लागली. शेवटची बोलेपर्यंत वहिनी जागची हलली नाही.

दुपारनंतर वादळानं उत्तरेच्या बंदराचा धक्का फोडला. तिथं एकही बोट नव्हती. बक्षीस म्हणून वहिनीकडून लेखी खुलासा घेतला गेला आणि तिची बढती लांबली. मी घरभर आदळआपट केली. ती शांतपणे जेवली.

पुढच्या वादळाचं बुलेटिन वाचायला मी बसलो. कुठल्या बंदराकडे वळायचं एवढं वाचून होतंय, तोच तो शिव्या देणारा आवाज मध्येच आला. "थांब. मागच्या वेळी चुकले म्हणाल्या, त्या बाई आहेत का आज?"

"आहेत. त्यांनीच काढलंय हे."

"मग पुढचं नंतर वाच," तो म्हणाला, "आधी वळतो."