माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय

माझ्या धंद्यात चांगली सकाळ म्हणजे बातमी नसलेली सकाळ. चंद्रपुरात राहून मी लोकांचे सर्वर सांभाळतो. कार्यालयातल्या सगळ्या संगणकांची माहिती ज्या एका मोठ्या संगणकात साठते, तो सर्वर. तो बसला की कार्यालयच बसतं. एक कॉलेज, एक पतसंस्था, एक राइस मिल आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीतला एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना, एवढा माझा पसारा. पहाटे फजरची नमाज झाली की मी फोन उघडून तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचत बसतो. बायको म्हणते, "लोक या वेळी तसबीहचे मणी फिरवतात, तुम्ही बातम्या फिरवता." तिला काय सांगू, माझं अर्धं अल्ला-अल्ला त्या बातम्या वाचतानाच होतं.

त्यातल्या निम्म्या बातम्या कोणत्या कंपनीनं कोणत्या कंपनीला विकत घेतलं याच्या असतात. त्या मी लांबच्या नात्यातल्या सोयरिकीसारख्या वरवर वाचतो. आता सगळं क्लाऊडवर जाणार, स्वतःचा सर्वर पाळणारा मागासलेला, हेही कित्येक वर्षं वाचतोय. हे लिहिणाऱ्याला एकदा एटापल्लीत आठवडाभर ठेवावं असं मला फार वाटतं. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीचा पंजा जमिनीत घुसतो, केबल तुटते, आणि मग तुमची माहिती कुठल्या तरी परदेशातल्या गोदामात सुखरूप असते आणि पेशंट इथे खाटेवर असतो. म्हणून दवाखान्याचा सर्वर मी हट्टानं दवाखान्यातच ठेवला. ते माझं चुकलं नाही असं मी आजही म्हणतो.

मला धडकी भरते ती 'ताबडतोब' हा शब्द असलेल्या बातम्यांची. त्या लिहिणाऱ्यांच्या ऑफिसात तीन पाळ्यांत माणसं बसलेली असतात. एकानं बंद केलं तर दुसरा चालू करायला हजर असतो. माझ्याकडे मी एकटा, एक जुनी मोटार आणि चार ठिकाणचे चार सर्वर.

धान कापणीचे दिवस होते. त्या सकाळी बातमी अशी होती की दूर बसून सर्वर दुरुस्त करता यावा म्हणून जो एक प्रोग्रॅम वापरतात, त्यात भगदाड सापडलंय. चोर त्यातून आत शिरतात, सगळी माहिती कुलूपबंद करतात आणि खंडणी मागतात. ज्यांच्याकडे हा प्रोग्रॅम आहे त्यांनी सर्वर ताबडतोब बंद करावेत. तो प्रोग्रॅम मी स्वतःच्या हातानं चारही ठिकाणी बसवला होता. चहा तसाच ठेवून मी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. दवाखान्यात सर्वरची जबाबदारी तिथल्या मोठ्या सिस्टरकडे होती.

या सिस्टर एटापल्लीच्या पलीकडे जंगलातल्या एका गावच्या, माडिया आदिवासी. बोलणं कमी, आणि एकदा कबूल केलं की केलं. सर्वरच्या खोलीत त्या चपला काढून जात, आणि त्या खोलीची किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत.

"सिस्टर, आत्ताच्या आत्ता बंद करा," मी म्हणालो. "आणि माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय चालू करायचा नाही. चालू केला तर सगळ्या पेशंटची माहिती कायमची जाईल."

"सगळीच?"

"सगळीच."

"बरं भाऊ. तुमी सांगसान तवाच चालू करीन."

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं. काही महिन्यांपूर्वी मी दवाखान्यातल्या सगळ्यांना बसवून फसवणुकीवर भाषण दिलं होतं. आजकाल चोर दार फोडून येत नाहीत, ओळखीचं नाव सांगून येतात. कोणीही माझं नाव घेऊन काही करायला सांगितलं तरी ऐकायचं नाही, असं बजावलं होतं. पुढच्याच आठवड्यात मीच एका मित्राला माझं नाव सांगून तिथे फोन करायला लावला. कारकुनानं पासवर्ड सांगून टाकला. मी सगळ्यांवर बरसलो. कारकून हसून मोकळा झाला, पण सिस्टरांनी ते मनाला लावून घेतलं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आता असं होनार नाई भाऊ."

तर सर्वर बंद झाले, मी जरा श्वास घेतला, आणि उन्हं चढायच्या आत दुसरी बातमी आली. प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीचाच खुलासा होता. भगदाड फक्त नव्या आवृत्तीत आहे, जुनी आवृत्ती सुरक्षित आहे. आमच्याकडे जुनीच होती. नवी घालायचं काम मी आज करू, उद्या करू म्हणत टाळत आलो होतो. आळसानं वाचवलं म्हणून मी चक्क मोठ्यानं हसलो. कॉलेजला फोन केला, पतसंस्थेला केला, मिलला केला. सगळे चालू झाले. दवाखान्याचा फोन मात्र लागेना.

सिस्टरांचा लागेना, डॉक्टरबाईंचा लागेना, समोरच्या मेडिकल दुकानाचाही लागेना. केबल तुटली होती आणि तिच्याबरोबर अख्ख्या एटापल्लीचं नेटवर्क गेलं होतं. हे तिकडे नेहमीचंच. एरवी मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली असती. पण त्या सर्वरवर काय काय आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते आठवायला लागलं तसा जीव टांगणीला लागला. तिथे निगेटिव्ह रक्तगटाच्या लोकांची यादी होती. हा गट आधीच दुर्मिळ, दवाखान्यात रक्ताचा साठा जेमतेम, म्हणून तालुक्यात कोणत्या गावात, कोणत्या गल्लीत असा माणूस राहतो हे एका क्षणात दिसेल अशी सोय मी करून दिली होती. मोटरसायकल पाठवायची आणि माणूस आणायचा. त्या सोयीचं डॉक्टरबाईंनी चारचौघांत कौतुक केलं होतं, आणि मी मान खाली घालून ते पुन्हा पुन्हा ऐकलं होतं.

"जाऊन येतो," मी बायकोला म्हणालो.

"संध्याकाळपर्यंत लागेल की फोन."

"आणि मधल्या वेळात काही झालं तर?"

"तुमचं हे नेहमीचंच," ती म्हणाली, पण पाण्याची बाटली भरून दिली.

एटापल्लीच्या अलीकडे, वाटेतल्या आलापल्लीपर्यंत नेटवर्क होतं. तिथे माझ्या आतेभावाचं टायरचं दुकान आहे. निघता निघता मी त्याला फोन करून सांगितलं की एटापल्लीच्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप दे, दवाखान्यात जाऊन म्हणावं, धोका टळला, सर्वर चालू करा. आमच्याकडे औषधाच्या पुडीपासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत सगळं बसबरोबर जातं, तसा निरोपही जातो. निरोप माझ्या आधी पोचेल असा हिशेब होता. तरीही गाडी वळवून घरी जावं असं मला एकदाही वाटलं नाही.

आष्टीचा पूल ओलांडला आणि लोहखनिजाच्या ट्रकांच्या रांगेत अडकलो. सूरजागडच्या खाणीचे ट्रक सुरू झाल्यापासून या रस्त्याच्या कडेच्या झाडांची पानं तांबडीच असतात. रांगेत बसून मी मनातल्या मनात त्या बातम्या लिहिणाऱ्यांशी भांडत होतो. 'ताबडतोब बंद करा' असं ठळक अक्षरांत लिहिता, मग 'आता चालू करा' हे बारीक अक्षरांत काऊन लिहिता बाबा? इतक्यात समोरून सायरन ऐकू आला. ट्रक सरकायला तयार नव्हते. मी माझी गाडी रस्त्याखाली उतरवली, तशी एक अँब्युलन्स त्या फटीतून हळूहळू निघून गेली. लहानपणी अम्मीनं सवय लावलीय, सायरन ऐकला की आत जो कोणी असेल त्याच्यासाठी दुआ मागायची. मी मागितली. मग गाडी वर काढली आणि पुन्हा सर्वरची काळजी करायला लागलो.

आलापल्लीत आतेभाऊ दुकानाबाहेरच उभा होता. "अरे, मान नहीं रही वो सिस्टर," तो म्हणाला. बसबरोबर परतलेल्या कंडक्टरनं त्याला सगळं सांगितलं होतं. सिस्टरांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि म्हणाल्या, "भाऊचं नाव तं कोनी बी सांगन. त्याईलेच या म्हना." आतेभावाला गंमत वाटत होती. "तूने सिखाया क्या उनको?" त्यानं हसत विचारलं. मला हसू आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढचा सागवानाचा रस्ता मी कसा कापला ते आठवत नाही. दवाखान्यात शिरलो तर सर्वरच्या खोलीला कुलूप आणि सिस्टर दाराजवळ स्टूल टाकून बसलेल्या. मला पाहून त्या उठल्या, किल्ली काढली, चपला काढल्या.

"आता चालू करू ना भाऊ?"

"करा. सिस्टर, सकाळपासून काही अडलं का?"

त्यांनी बटण दाबलं, पंखा घोंगावायला लागला, मग म्हणाल्या, "एक बाई आली होती. पहिलं बाळंतपन. पोरगी झाली, पोरगी चांगली हाये. पन मंग रगत थांबून नाई राह्यलं. निगेटिव्ह होती."

"मग?" मी विचारलं.

"गावात इचारलं फिरून. पन लोकं सारे वावरात, धान कापून राह्यले. डाक्टरबाई म्हने, मशीन चालू करून पाहू. मी म्हटलं, भाऊनं सांगतलं, सगळ्याईची माहिती जाईन. मंग त्याच म्हने, नोको, गडचिरोलीले पाठवा. तिथी रगत भेटते. फक्त पोचली पायजे."

"अँब्युलन्स कधी निघाली?"

त्यांनी सांगितलं, आणि मला ती ट्रकांमधली फट दिसली.

सर्वर चालू झाला होता. मी यादी उघडली. पडद्यावर जी नावं आली त्यातलं पहिलंच वाचून सिस्टर म्हणाल्या, "हा तं मांगच्याच गल्लीतला. घरीच राह्यते, पाय मोडला हाये त्याचा." त्यांनी मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. उलट त्या म्हणाल्या, "तुमी आले तं बरं झालं भाऊ. माहिती तं वाचली सगळ्याईची." माहितीला काहीही होणार नव्हतं हे त्यांना सांगायचं धैर्य मला त्या क्षणी झालं नाही. डॉक्टरबाईंना सांगून मी तसाच गडचिरोलीकडे निघालो.

सगळ्या वाटेवर मी बोलायचं जुळवत होतो. भगदाड, नवी आवृत्ती, जुनी आवृत्ती, तुटलेली केबल. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि प्रत्येक वाक्य मला सोडवत होतं. मध्ये कुठेतरी नेटवर्क आलं तर फोन करून विचारावं असंही मनात आलं, पण हात फोनकडे गेला नाही. उत्तर काय येईल याची भीती वाटत होती.

जिल्ह्याच्या दवाखान्याच्या वऱ्हांड्यात एक तरुण गाठोड्याला टेकून बसला होता. शर्टाला धानाचं काड चिकटलेलं. शेजारी त्याची आई, तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं बाळ. मला विचारायची गरज पडली नाही. मी थोडा दूर उभा राहिलो. त्यानं मला पाहिलं आणि दवाखान्यात जे सगळेच विचारतात ते विचारलं.

"तुमचं कोन हाये अंदर?"

"एटापल्लीची एक बाई आहे," मी म्हणालो.

"आमी बी तिकडलेच." त्यानं गाठोडं सरकवून जागा केली. "बसा ना."

मी बसलो. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तिथी कम्पुटर बंद होता म्हने. नाई तं तिथीच रगत भेटलं असतं. काऊन बंद होता, कोनी सांगतलं नाई."

"मी बंद करायला लावला होता," मी म्हणालो.

तो माझ्याकडे वळला. आई गोंडीत काहीतरी म्हणाली, त्यानं तिला हातानं थांबवलं. "काऊन?"

तीन तास जुळवलेलं सगळं माझ्याजवळ होतं. त्यातलं एकही वाक्य वर आलं नाही. "घाबरलो होतो," मी म्हणालो.

त्यानं मान फिरवून आतल्या दाराकडे पाहिलं. "मले बी लय भेव लागून राह्यलं," तो म्हणाला.

मग दार उघडलं आणि नर्सनं हाक मारली, "एटापल्लीवाल्या बाईचं कोण आहे?" आम्ही दोघेही उठलो. तिनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. "नवरा कोण? शुद्धीवर आलीय ती. बाळाला विचारतेय, घेऊन या."

त्यानं आईच्या मांडीवरून बाळ उचललं. आई पदर सावरत मागे गेली. दारापर्यंत जाऊन तो वळला आणि मला म्हणाला, "भाऊ, गाठोड्याकडे ध्यान ठेवजा."

मी हो म्हणालो आणि खाली बसलो. मग मला रडू आवरेना.