अर्धं न सांगणारे भिवातात्या

भिवातात्या देवाला कधी मोघम काही सांगत नसत. आमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. ज्याचं जे मागणं असेल ते त्याच्या वतीने मोठ्या आवाजात देवापुढे मांडायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, अशी ही रीत. इतर गावांत हे काम दोन मिनिटांत उरकतं. तात्यांना अर्धा तास सहज लागे. एकदा आमची म्हैस हरवली. वडिलांनी देवापुढे नारळ ठेवला आणि म्हणाले, "म्हस गावांदे म्हणान सांगा." तात्या नारळाला हातही लावेनात.

"खंयची म्हस?"

"आमची."

"देवाक काय ठावक तुमची खंयची? गावात चाळीस म्हशी आसत. शिंगां कशी ती सांग. कपाळार चांद आसा? कितव्यांदा व्यालेली?"

सगळं विचारून घेऊन त्यांनी देवाला म्हशीचं असं वर्णन ऐकवलं की लोक हसू दाबत 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. म्हैस संध्याकाळी आपण होऊन घरी आली. तात्या वडिलांना म्हणाले, "बघ. दुसऱ्याची इली नाय मरे?"

ते काटकुळे होते, कमरेला आखूड पंचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. जगातल्या फार थोड्या गोष्टी त्यांना पसंत होत्या. रेडिओ पसंत नव्हता, दिवसात दुसऱ्यांदा चहा पसंत नव्हता. मी आमच्या घरातला कॉलेजात जाणारा पहिला मुलगा. मी पाया पडायला गेलो तेव्हा म्हणाले, "जा. शिकान वकील हो आणि खोटा बोल." काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्या हातावर साखर ठेवली म्हणून तो आशीर्वाद होता असं मी धरून चाललो.

त्यांना पसंत नसलेल्यांत बत्तीवाला अनंत होता. लग्न असो, जत्रा असो, दशावताराचा खेळ असो, गॅसच्या बत्त्या अनंताच्याच. देवबागचा जयराम नावाचा एक खलाशी पावसाळ्यात तारवं किनाऱ्यावर ओढली की अनंताकडे येई आणि चार महिने राही. दोघांची एकच चूल होती. गावाला ते ठाऊक होतं, म्हणजे गावाने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. थट्टा तेवढी चाले. "अनंता, तुझा घरचा माणूस इला काय रे?" असं, बायकोची चौकशी करावी तसं, कोणी म्हटलं की अनंत बत्ती पुसत हसे. तात्या हसत नसत. "माका ता पटणा नाय," एवढं ते तोंडावर सांगत, आणि देवळात बत्ती मात्र अनंताचीच लावायला लावत, कारण दुसऱ्याची भडकते.

एका वर्षी जत्रेच्या आधी अनंत खाडीच्या वाटेवर मेलेला सापडला. डोक्यावर घाव होता. तिसऱ्या दिवशी सकाळी देवस्थान कमिटीचे अध्यक्ष आबा आपल्या मुलाला, रघुनाथला घेऊन देवळात आले. मी सुट्टीला घरी आलो होतो. आम्ही चाळीसेक जण असू.

"तात्या, घरार संकट इला हा. निवारण कर म्हणान सांग," आबा म्हणाले.

"कसला संकट?"

"सांग मरे मोघम!"

"मोघम सांगलंय तर देव शेजारच्याचा संकट निवारतलो. मगे बसशात बोंबलत."

रघुनाथच पुढे झाला. त्याच्या आवाजात भीती कमी आणि ऐट जास्त होती असं मला वाटलं. "सांगा तेका. अनंताक मी मारलंय."

तात्यांनी नुसता चष्मा वर केला. "कित्यान?"

"वल्ह्याच्या दांड्यान."

"कित्याक?"

"तेणा माझो हात धरल्यान."

"धरल्यान? देवासमोर उभो आसस, झिला."

रघुनाथने गाभाऱ्याकडे पाहिलं. देवापुढे खोटं बोलायची त्याची छाती झाली नाही. माणूस मारायची झाली होती. "नाय," तो म्हणाला, "तो आपल्या वाटेन जात होतो. तसलो होतो म्हणान मारलंय."

मग तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. रघुनाथचं नाव, बापाचं नाव, खाडीची वाट, वल्ह्याचा दांडा, अनंताने हात न लावलेला, शिवी न दिलेली, सगळं. आणि शेवटी मागणं, की पोलिसांचा फेरा याच्या दारावरून परतव. दर वाक्याला आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हटलं. मीही म्हटलं. तोंडाला सवय असते, एवढंच मला त्याबद्दल सांगता येतं.

चौथ्या दिवशी, देवळातल्या गाऱ्हाण्याची कुणकुण लागून, फौजदार आले. जो तो म्हणाला, मी मागे उभा होतो, ऐकू आलं नाही. फौजदारांनी देवळाच्या अंगणाकडे नजर टाकली आणि विचारलं, "एवढ्याशा जागेत चाळीसच्या चाळीस माणसं मागे कशी काय मावली?" मीही मागेच होतो असं सांगितलं. वडिलांनी मला तसं बजावलं होतं. शेवटी ते तात्यांकडे आले. तात्या म्हणाले, "माका सगळा ऐकाक येत होता. मीच बोलत होतंय."

रघुनाथला अटक झाली. आबांनी निरोप धाडला, की जबानी फिरव, नाहीतर गाऱ्हाण्याचा मान जाईल. तात्यांच्या घरात दुसरं काही नव्हतं. थोडी भातशेती, चार माड आणि हा मान.

जिल्ह्याचं कोर्ट तेव्हा रत्नागिरीला होतं आणि मी तिथेच शिकत होतो, म्हणून खटल्यासाठी तात्या माझ्या खोलीवर उतरले. रघुनाथने मारल्याचं त्याचा वकील नाकारत नव्हता. त्याचं म्हणणं, अनंताने अतिप्रसंग केला, मुलाचा तोल गेला, हा खून नव्हे. आणि अनंत कसा होता हे सांगायला गावातले बारा साक्षीदार तयार होते. पूर्वी ऐकू न येणाऱ्यांना आता दिसूही लागलं होतं. सरकारी वकिलांची अडचण वेगळीच होती. अनंताला खरं ओळखणारा जयराम कोर्टात रोज शेवटच्या बाकावर बसे. पण पिंजऱ्यात येऊन तो खरं बोलला असता, तर तेव्हाच्या कायद्याने तोच गुन्हेगार ठरला असता. उरले तात्या.

सकाळी ते पंच्याऐवजी धोतर नेसत होते. मी भीत भीत म्हटलं, "तात्या, मान जाईल."

"जायत. अर्धा सांगून रवलेलो मान घेऊन मी देवासमोर काय तोंडान उभो रवू?"

पिंजऱ्यात बचावाच्या वकिलाने त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, "पोलिसांपासून आरोपीला वाचव, असं देवाला तुम्हीच सांगितलंत ना?"

"व्हय. मीच."

"मग आज उलट कसे बोलता?"

"उलट खंय? तेचा मागणा मी पोचयलंय. देवान नाय म्हटल्यान. तेच्यार माझो इलाज नाय."

"मयत इसम तुम्हाला आवडत होता?"

"नाय. पण माका आवडणत नाय ते सगळे मारूक लागल्यार, सायबानू, ह्या कोर्टात मी एकटोच उरान."

वकील चिडला. म्हणाला, तुम्ही नेमकं काय बोललात ते शब्दाला शब्द सांगा. ही त्याची चूक होती. तो रत्नागिरीचा, त्याला तात्या ठाऊक नव्हते. तात्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि देवळातल्या त्या आवाजात सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो लेकरू रघुनाथ तुझ्या पायाकडे इलो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

गावाहून एसटीने आलेले सगळे, बारा साक्षीदारांसकट, एका सुरात बोलून गेले होते. पट्टेवाला ओरडला. तात्या थांबले नाहीत. गाऱ्हाणं मध्ये तोडत नाहीत. "खाडीच्या वाटेर हेणा वल्ह्याच्या दांड्यान अनंताक जीवानिशी मारल्यान! अनंतान हेका हात लावक नाय, शिवी दिवक नाय! तो तसलो होतो, येवढ्याच कारणान मारल्यान!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यातूनही आवाज आला. रघुनाथ हात जोडून, डोळे मिटून उभा होता. न्यायाधीशांनी चष्मा काढला. कारकुनाने हळूच विचारलं, हे कसं लिहून घेऊ. बचावाचा वकील खाली बसला.

जन्मठेप झाली. निकाल वाचून दाखवला तेव्हा त्यात मृताच्या वागणुकीबद्दल नापसंतीचा एक लांबलचक परिच्छेद होता. सरकारी वकिलांनी तो मराठीत सांगितला. तात्या म्हणाले, "ह्या मीय सांगलंय असतंय. नापसंत असलेलो माणूस जितो रवता. तसोच रवाक व्हयो होतो."

परतताना तळेऱ्याच्या फाट्यावर गाडी बदलायची होती. जयराम त्याच गाडीत होता. तो चहाचा कप घेऊन आला आणि तात्यांसमोर उभा राहिला. तात्यांचा सकाळचा चहा झाला होता. तरी त्यांनी कप घेतला.

"तात्यानू, तुमचे उपकार..."

"उपकार नाय. माका तुमचा ता पटणा नाय. आजूनय पटणा नाय."

"ठावक आसा," जयराम म्हणाला. "तो माका सांगी, तात्यांका बत्ती पटता, बत्तीवालो नाय."

तात्या हसले. मग दिवसातला तो दुसरा चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

मान गेला. कमिटीने तो त्यांच्या पुतण्याला दिला. तो म्हणतो, "देवा म्हाराजा, सगळ्यांचा बरा कर," आणि लोक वेळेवर जेवायला घरी जातात. सगळे खूश आहेत. तात्यांना लग्नाकार्याची आमंत्रणं येईनाशी झाली. देवळात ते जात, खांबाला टेकून बसत आणि पुतण्याचं बोलणं ऐकून मान हलवत.

दोन वर्षांनी आषाढात ते गेले. मला आठवडाभराने कळलं. मी गेलो तेव्हा काकी ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. लेक-जावई तळेऱ्याहून पोचायला दुपार झाली, तोवर गाव आपापल्या दारात उभं राहून बघत होतं, असं त्यांनी सांगितलं. सांगताना हात थांबला नाही.

मी म्हटलं, "काकी, मला तार का नाही केलीत? मी आलो असतो."

"येतलस ता माका ठावक होता," त्या म्हणाल्या. "पण देवबागसून जयराम इलो, तारवावरचे तिघे घेवन. खांद्याक चार लागतत, बाबू. पाचवो कित्याक बोलावतलंय?"