दोन्ही बाजूंना राजा

नाण्यांचा नाद त्याला मी लावला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. ऑफिसात आमची टेबलं शेजारी. मी शाहूपुरीतला, तो गडमुडशिंगीहून सायकलीवर यायचा. आणे-पैसे चलनातून जाऊन काही वर्षं झाली होती आणि लोक जुनी नाणी तांब्या-पितळेच्या मोडीत घालत होते. रविवारी आम्ही मोडीच्या दुकानात जाऊन बसायचो. मालक पोतं जमिनीवर ओतायचा, आम्ही ढीग निम्मा-निम्मा करायचो. ज्याच्या ढिगात जे निघेल ते त्याचं, असा आमचा कायदा.

त्या रविवारी मला ऊन लागत होतं. मीच त्याच्याशी जागा बदलली; ढीग होते तिथंच राहिले. घटकाभरात तो ओरडला, "मर्दा, हे काय हाय बघ की!"

तांब्याचा पैसा. एका बाजूला राजाचं डोकं, उठावाचं. दुसऱ्या बाजूलाही तेच डोकं, पण उलट्या तोंडाचं आणि आत दबलेलं. टांकसाळीत आधीचं नाणं साच्यात चिकटून राहिलं तर पुढचं असं निघतं. हे त्याला मीच समजावून सांगितलं. माझ्या ढिगातला पैसा! मी वर्षानुवर्षं मोडीची धूळ खाल्ली आणि हा काल आलेला माणूस माझ्या जागेवर बसून राजा उचलतो.

बदल्यात मी त्याला माझी चांगली चांगली नाणी देऊ केली. "न्हाय बाबा," तो हसला. ऑफिसात कुणी पाहुणा आला की त्याच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी निघायची. मी फायलीत डोकं घालायचो. माझी नाणी कपाटातल्या कुलपाच्या कप्प्यात असायची. घरातसुद्धा कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाहीत, हा माझा नेम.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्यानं आम्हा नवरा-बायकोला बोलावलं. ताटात नाणी मांडलेली आणि मधोमध तो पैसा, लख्ख! पूजेच्या भांड्यांबरोबर त्याच्या बायकोनं तोही चिंच नि राखेनं घासला होता. तांब्यावरचा जुना काळपट थर गेला की जाणकार त्या नाण्याकडं ढुंकूनही बघत नाहीत. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"अरेरे, वाया गेलं की नाणं," मी आवाजात हळहळ आणून म्हणालो.

"कुठं गेलंय? हितंच हाय की," तो म्हणाला.

"नीट बघा भावजी," त्याची बायको म्हणाली, "आता नाक-डोळं तरी दिसाय लागल्यात."

घरातली सगळी ताटाभोवती गोळा झाली. माझ्या बायकोनं तो पैसा तळहातावर घेतला, आत दबलेल्या राजाच्या गालावरून बोट फिरवलं आणि खुदकन हसली. माझी उकळी तिथंच थंड झाली.

परतीच्या एसटीत ती बराच वेळ त्या पैशाबद्दलच बोलत होती. मग म्हणाली, "रविवारचं त्यांच्याबरोबर नुसतं बसून येता. तुमीबी असं कायतरी गोळा करा की."