नाल्यापासून ऐकू येणारी गाडी

वेल्डिंगचा जळका वास आला की शहरातल्या जठारपेठेतले, गॅरेजवाले म्हातारे मिस्त्रीचाचा आठवतात. एकदा त्यांनी माझ्या मोटारसायकलच्या सायलेन्सरमधली जाळी कापून काढली, गाडी चालू केली आणि मला रस्त्यापलीकडे पाठवलं. "तिकडून आयक. आवाज चालवणाऱ्यासाठी नाही, दुरून आयकणाऱ्यासाठी रायते." ती धडधड ऐकून मी खूश होऊन, गावाबाहेरचा नाला ओलांडून हिवरखेडला घरी आलो, तर ओट्यावर बाबा भडकलेले. "गावाले बहिरं करतं का बे? उद्याच काढ हे!" मी आत जाऊन जेवायला बसलो. आईनं तव्यावरची भाकर थेट ताटात टाकली. "नाल्यापासून आयकू आलं, म्हणून तवा ठेवला." बाहेरून बाबा म्हणाले, "राहू दे मंग." आता माझी गाडी बॅटरीची, बिनआवाजाची. नाल्यावर थांबून मी दोनदा हॉर्न वाजवतो.